अधिकारांचा मानपान

ज्ञानेशभाऊंना ‘नाही’ म्हणता येत नाही, ही गोष्ट मखमलाबादपासून आडगावपर्यंत सर्वांना ठाऊक होती आणि सर्वांनी तिचा यथाशक्ती लाभ घेतला होता. शेजाऱ्यानं शिडी मागितली तर भाऊ शिडी देत आणि ती धरायलाही जात. वडिलांचा झेंडूचा आणि कोथिंबिरीचा मळा होता. बाजारात गिऱ्हाइकानं ‘आणखी दोन काड्या टाक की’ म्हटलं, की लहानगा ज्ञानेश अर्धी जुडी टाकायचा. शेवटी वडिलांनी त्याला पाटीवरून उठवलं आणि शिकायला पाठवलं. धंद्यात हा मुलगा सगळ्यांना बुडवील, नोकरीत फार तर एकटा बुडेल, असा त्यांचा विचार.

नोकरी लागली ती द्राक्ष बागायतदारांच्या एका सहकारी संस्थेत. चोवीस वर्षं झाली. भाऊ तिथल्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे एक खोली, एक एसी, एक सर्व्हर आणि स्वतः भाऊ. एसी सर्व्हरसाठी होता, पण दुपारी दोननंतर निम्मं ऑफिस तिथे ‘काहीतरी विचारायला’ येऊन बसे, आणि भाऊ त्यांना खुर्च्या आणून देत.

संस्थेचं शीतगृह आडगावच्या पुढे. हंगामात तिथे परदेशी जाणारी द्राक्षं अर्धा अंश तापमानात ठेवतात. खोल्यांमधलं तापमान या सर्व्हरला दर मिनिटाला कळतं, आणि पारा चढला की सर्व्हर सर्वांच्या फोनवर मेसेज टाकतो. हा अलार्म भाऊंनी स्वतः बसवलेला. आठ वर्षांत त्यानं दोनदा सबंध हंगाम वाचवला होता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मात्र तो बोलला नाही.

दुपारी दोनच्या सुमारास तीन नंबरच्या खोलीचा कॉम्प्रेसर बंद पडला. संध्याकाळी सहाला कंटेनर लागला, माणसांनी दार उघडलं, तर आतून गार झुळकेऐवजी द्राक्षांचा गोड वास आला. शीतगृहात गोड वास येणं म्हणजे माल हातचा गेला. खोके ओले झाले होते, मणी मऊ पडले होते. माल परदेशाऐवजी नाशिकच्या हातगाड्यांवर गेला.

त्या वेळी ड्युटीवर होती हर्षाली. वय सव्वीस, सायखेड्याहून स्कूटीवर येणारी ऑपरेटर, बारा ते आठची शिफ्ट. दर तासाला पडद्यावरचं तापमान बघून रजिस्टरमध्ये लिहायचं, हे तिचं काम. रजिस्टरमध्ये बारापासून पाचपर्यंत सहा वेळा सुवाच्य अक्षरात एकच आकडा होता : ०.५.

“आत द्राक्षं शिजताहेत आणि ही अर्धा अंश लिहितेय,” अध्यक्ष रंगनाथअण्णा म्हणाले. “खुर्चीत बसून, मोबाइल बघत लिहिलंय सगळं.”

“अण्णा, पडद्यावर तेच होतं. आईशप्पथ.”

“मग पडदा खोटं बोलला?”

हर्षालीला घरी बसवण्यात आलं. गुरुवारी संचालक मंडळाची बैठक होती आणि तिला कामावरून काढण्याचा ठराव सोमवारीच टाइप होऊन तयार होता. एरवी साधी बदलीची ऑर्डर टाइप व्हायला या संस्थेत पंधरवडा लागे.

पडदा खोटं बोलतो, हे ज्ञानेशभाऊंना ठाऊक होतं. अलार्मचा प्रोग्राम बंद पडला की पडद्यावरचा आकडा पुसला जात नाही, शेवटचा आकडा तसाच राहतो. ही उणीव त्यांनीच ठेवलेली, ‘पुढच्या हंगामात बघतो’ म्हणून. सोमवारी सकाळी त्यांनी सर्व्हर उघडून नोंदी पाहिल्या. प्रोग्राम बंद पडला नव्हता. रविवारी बारा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी तो कोणीतरी आज्ञा देऊन बंद केला होता. आज्ञा देणाऱ्याच्या जागी नाव होतं : रूट.

आता हा रूट कोण, ते सांगायला हवं. संस्थेचा सर्व्हर युनिक्स घराण्यातला. या घराण्यात एक सर्वाधिकारी असतो, त्याला रूट म्हणतात. त्यानं काहीही पुसावं, काहीही थांबवावं. ‘अहो, नक्की का?’ असं विचारायची कोणाची छाती नाही. पूर्वी या रूटचा पासवर्ड ऑफिसात सगळ्यांना पाठ होता. चहावाल्यालाही होता, असं म्हणतात. मग आठ वर्षांपूर्वी पुण्याहून एक इंजिनियर आला, त्यानं कपाळाला हात लावला आणि ‘सुडो’ नावाची सोय बसवून दिली. तिची रीत साधी. प्रत्येकानं आपल्याच नावानं, आपल्याच पासवर्डनं यायचं. ज्याला जे काम नेमून दिलंय तेवढ्यापुरतीच रूटची ताकद उसनी घ्यायची. आणि कोणी, किती वाजता, काय केलं, त्याची नोंद त्याच्याच नावावर पडते. कोणाला काय नेमून द्यायचं ती यादी एका फाइलीत. इंजिनियरनं नमुन्यादाखल तीन ओळी लिहिल्या, ‘गरजेपुरतंच द्या’ असं चारदा बजावलं आणि तो पुण्याला गेला.

यादी पुरी करायचं काम भाऊंवर आलं, आणि नेमका तो लग्नसराईचा महिना होता.

भाऊंच्या पुतणीचं लग्न नुकतंच झालं होतं. आमच्याकडच्या लग्नपत्रिका बाहेरच्या माणसानं एकदा पाहाव्यात. वधूवरांची नावं शोधावी लागतात. बाकीच्या पानावर निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, संयोजक, झालंच तर चिमुकल्यांची किलबिल, अशी एकशे चाळीस नावं. व्यवस्थापक काही व्यवस्था बघत नसतात. ते फक्त नाव आहे की नाही ते बघतात. भाऊंच्या घरी एक चुलतभाऊ यादीतून सुटला. तो मांडवात आला, पत्रिका उलटीसुलटी करून पाहिली आणि जेवणाचं ताट तसंच ठेवून निघून गेला. तेव्हापासून त्या घरी येणंजाणं बंद होतं.

हा घाव ताजा असताना भाऊ सुडोची यादी लिहायला बसले.

खोकी भरतात त्या पॅकहाऊसच्या संतोषला फक्त लेबलचा प्रिंटर अडकला की तो पुन्हा चालू करायचा असे. तेवढीच ओळ भाऊंनी लिहिली. मग अण्णांचे जावई सोमनाथ आले. त्यांना संस्थेत कोणी नेमलं होतं ते कोणालाच नक्की माहीत नव्हतं, पण सगळे त्यांना जावईबापू म्हणत आणि त्यांची खुर्ची गादीची होती.

“भाऊ, मला काय दिलंय?”

“अहवाल बघायला दिलेत, जावईबापू.”

“फक्त बघायला?” जावईबापू हसले. त्या हसण्यात रुसव्याची सुरुवात होती, आणि जावयाचा रुसवा कुठवर जातो हे भाऊ जाणून होते. त्यांनी जावईबापूंच्या नावापुढे ‘सर्व’ लिहिलं. ते संतोषला कळलं. तो दारात उभा राहून म्हणाला, “आमी काय फक्त लेबलंच चिकटवायची काय भाऊ? असू द्या. आमी लहान माणसं.” भाऊंनी त्याच्याही पुढे ‘सर्व’ लिहिलं. मग वसुलीवाले, मग गोडाऊनवाले. खुद्द अण्णांना कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नाही, पण अध्यक्षांना सर्वाधिकार नाहीत हे वाईट दिसलं असतं, त्यांनाही ‘सर्व’. टॉवेल-टोपी द्यायची तर सगळ्यांना सारखी, त्यात एकाला रेशमी आणि एकाला सुती असं करून कसं चालेल? अशी अकरा माणसं झाली आणि अकराच्या अकरा रूट.

नोंद पडत होती, तीही अर्धीमुर्धी. ही मंडळी आपल्या नावानं आत येत आणि पहिल्याच आज्ञेत रूट होऊन बसत. दारावर नाव लिहिलं जाई. आत कोणी काय केलं ते सगळं रूटच्या खाती.

अलार्मचे मेसेजही अकरा जणांना जात, कारण मेसेज न येणं हाही अपमानच. लोडिंगच्या वेळी दार उघडलं की पारा हलतो आणि अकरा खिसे एकदम थरथरतात. ऐन जेवणावळीत, कीर्तनात, एकदा तर दहाव्याच्या घाटावर. म्हणून ज्याला त्रास होई तो मोबाइलवरूनच अलार्म बंद करी आणि हात धुतल्यावर चालू करी. जावईबापू करत. संतोष करी. भाऊंनीही दोनदा केला होता.

रविवारी बारा सत्तेचाळीसला दाराच्या वहीत तीन नावं आत होती : सोमनाथ, संतोष, ज्ञानेश.

तिसरं नाव भाऊंनी पुन्हा एकदा वाचलं. त्या दिवशी अकरा वाजता त्यांनी बॅकअपसाठी रूट होऊन काम केलं होतं, आणि पडदा तसाच उघडा टाकून मखमलाबादला एका लग्नाला गेले होते. हंगामात रविवारीही ऑफिस चालू असतं आणि खोलीला कुलूप नव्हतं. घरचीच माणसं, कुलूप कशाला? म्हणजे ते बटण जावईबापूंनी दाबलं असेल, संतोषनं दाबलं असेल, किंवा एसी खायला आलेल्या कोणीही भाऊंच्या खुर्चीत बसून दाबलं असेल. एकच माणूस नक्की नव्हता. हर्षाली. तिचं सर्व्हरवर नावच नव्हतं, आणि ती होती आडगावला. अकरा जणांच्या मानपानात जिचं खरोखर काम होतं तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मंगळवारी भाऊंनी संतोषला गाठलं.

“संतोष, रविवारी अलार्म तू बंद केला होतास का?”

“भाऊ, खरं सांगू? आठवत नाय. हंगामात मी दिवसाला पन्नास गोष्टी बंद करतो न् पन्नास चालू करतो.” तो घुटमळला. “पण माझी दोन पोरं हायेत भाऊ. माझं नाव नका घेऊ.”

जावईबापू स्वतःच खोलीत आले. येताना दार लावून घेतलं, हे त्या खोलीच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं.

“तुम्ही सर्व्हरमध्ये काहीतरी शोधताय असं ऐकलं.”

“हो. अलार्म बंद करण्यात आला होता.”

“कोणी?”

“रूटनं.”

“मग झालं तर! रूटला नोटीस काढा.” जावईबापूंना स्वतःच्या विनोदावर हसू आलं, मग ते खुर्ची ओढून जवळ बसले. “हे बघा भाऊ, त्या वेळी तुमचंही नाव आत आहे, बरोबर? चोवीस वर्षं झाली तुमची. पाच-सहा राहिली. कशाला उकरता? पोरगी तरुण आहे, तिला दुसरीकडे मिळेल काम.”

भाऊंनी नेहमीच्या सवयीनं ‘हो’ म्हटलं. ते तोंडातून निघून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

बुधवारी त्यांनी एक मधला मार्ग शोधला. या मार्गाचं नाव ‘तांत्रिक बिघाड’. या दोन शब्दांनी महाराष्ट्रात आजवर जितकी माणसं वाचवली आहेत तितकी औषधांनीही वाचवली नसतील. भाऊंनी अर्ध्या पानाचा अहवाल लिहिला : तांत्रिक बिघाडामुळे अलार्म कार्यान्वित होऊ शकला नाही. कोणी केलं, काही नाही, आपोआप, पावसासारखं.

अण्णांनी अहवाल वाचला आणि खूश झाले. “छान लिहिलंस, ज्ञानेश. म्हणजे अलार्म बिघडला होता. मग तर ऑपरेटरनं जास्तच डोळे उघडे ठेवायला हवे होते. हे ठरावाला जोड.”

अशा रीतीनं हर्षालीला वाचवायला लिहिलेला कागद तिच्याच ठरावाला टाचणीनं लागला.

त्या संध्याकाळी भाऊ घरी जेवायला बसले. त्यांच्या पत्नी साधनावहिनी पोळी वाढता वाढता म्हणाल्या, “अहो, भाजी अळणी झालीये. तीन घास खाल्लेत तरी कळलं नाही?”

भाऊंनी सगळं सांगितलं. वहिनींना रूट कळला नाही, पण बाकीचं लगेच कळलं.

“म्हणजे सगळ्यांना किल्ल्या तुम्ही वाटल्या.”

“हो.”

“आणि आत कोण शिरलं ते तुम्हालाही सांगता येत नाही.”

“नाही.”

“आणि जिच्याकडे किल्लीच नव्हती तिला काढताहेत.”

“साधना, त्यात माझं नाव आहे.”

“आहे ना. मग ते पहिलं सांगा. नंतर बाकीच्यांचं सांगितलंत तर चहाडी वाटायची नाही.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “घराचे हप्ते चालू आहेत, ते मला माहीत आहे. तरी सांगतेय.”

गुरुवारी बैठक बसली. चहा झाला, भजी झाली, मागील इतिवृत्त वाचून कायम झालं. ठराव वाचायला घेतला तेव्हा भाऊ उभे राहिले. संस्थेच्या बैठकीत ते आजवर फक्त माइक लागत नसला तरच उभे राहत, म्हणून अण्णा म्हणाले, “माइक चालू आहे, ज्ञानेश. बस.”

“अण्णा, माझा कालचा अहवाल मी मागे घेतो. बिघाड झाला नव्हता. अलार्म इथून, ऑफिसच्या सर्व्हरवरून बंद केला होता. तो बंद असला की पडद्यावर जुनाच आकडा दिसतो. हर्षालीनं जे दिसलं तेच लिहिलं.”

भजी चावण्याचा आवाज थांबला.

“कोणी बंद केला?”

“तिघांपैकी एकानं. त्यातला एक मी.”

“तू केलास?”

“मी त्या वेळी लग्नात होतो. पण माझा पडदा इथं उघडा होता, आणि दाराला कुलूप नव्हतं. त्यामुळे मी नव्हतो एवढं म्हणून भागत नाही.”

“बाकीचे दोघं?”

“संतोष. आणि जावईबापू.”

जावईबापू ताडकन उठले. “म्हणजे मी केलं? पुरावा काय?”

“नाही, तुम्ही केलं असं मी म्हणत नाही.”

“मग नाव का घेतलं?”

“तुम्ही नाही केलं, असंही मला म्हणता येत नाही म्हणून. यंत्र सांगू शकलं असतं. मी त्याला सांगू दिलं नाही. प्रत्येकाला कामापुरते अधिकार द्यायचे होते, मी मानपान म्हणून सगळ्यांना सगळे वाटले. कोणी नाराज होऊ नये म्हणून. तुम्हालाही दिलेत, अण्णा.”

“मला?” अण्णा दचकले. “मी काय करू शकतो?”

“तुम्ही संस्थेचा सगळा डेटा एका ओळीत पुसू शकता.”

समोरचा कॉम्प्युटर बंदच होता, तरी अण्णांनी त्याच्यापासून खुर्ची थोडी मागे घेतली.

पुढचा तासभर जे झालं त्याचं इतिवृत्त ‘सविस्तर चर्चा झाली’ असं लिहिलं गेलं. प्रत्यक्षात जावईबापू निघून गेले, दोन संचालक त्यांना आणायला गेले, आणि बोलावून आणलेला संतोष कोपऱ्यात उभा राहून भाऊंकडे असा बघत होता की भाऊंनी पुन्हा तिकडे मान वळवली नाही. शेवटी हर्षालीचा ठराव मागे घेण्यात आला. त्याच टाइप केलेल्या कागदावर खाडाखोड करून भाऊंचं नाव घातलं : विभागप्रमुखपद काढून आवक-जावक टेबलावर बदली. तत्पूर्वी आठ दिवसांत अधिकारांची यादी नव्यानं करून द्यावी.

ते आठ दिवस भाऊंच्या आयुष्यातले सर्वांत लांब दिवस. रोज कोणीतरी येई आणि रोज ‘नाही’ म्हणावं लागे. चोवीस वर्षांत हा शब्द न वापरल्यामुळे तो त्यांच्या तोंडून धड निघत नसे. पहिल्या दिवशी तर ‘नाही’ म्हणून त्यांनी समोरच्याला चहा पाजला. वसुलीवाले म्हणाले, “बदली झाली तरी मिजास बघा.” संतोषच्या नावापुढे पुन्हा लेबलच्या प्रिंटरची ओळ आली आणि त्यानं भाऊंना वाटेत रामराम घालणं सोडलं. जावईबापूंना अहवाल बघायला मिळाले, ते त्यांनी अजून बघितलेले नाहीत. रूट होऊन बसायची वाट सगळ्यांना बंद झाली. त्याचा पासवर्ड पाकिटात गेला, पाकीट तिजोरीत, आणि तिजोरी उघडायला दोन माणसांच्या सह्या. अण्णांना काहीच दिलं नाही. एकटे अण्णाच तेवढे ‘बरं झालं बाबा’ म्हणाले.

पडद्यावरचा जुना आकडाही भाऊंनी काढून टाकला. आता अलार्म थांबला की तिथे लाल चौकट येते.

आठव्या दिवशी त्यांनी हर्षालीला ऑफिसात बोलावलं. ती शिफ्टच्या आधी आली, स्कार्फ न सोडताच दारात उभी राहिली. आभार मानेल असं भाऊंना वाटलं होतं की काय कोण जाणे. निदान त्यांनी दोन कप चहा सांगून ठेवला होता.

“सर, हे तुम्हाला सोमवारीच माहीत होतं ना?”

“हो.”

“मंग गुरुवारपर्यंत का थांबले? चार दिवस घरी बसले मी. आमच्या गल्लीत पार लहान पोरं विचारायची, ताई, तू काय केलं म्हणून.”

भाऊंनी उत्तर शोधलं. तांत्रिक बिघाड, घराचे हप्ते, जावईबापू, सगळं डोळ्यांपुढून गेलं. “भ्यालो,” ते म्हणाले.

हर्षालीनं खुर्ची ओढली आणि बसली. चहा मात्र घेतला नाही.

भाऊंनी तिच्या नावाची ओळ तिला दाखवली. दोनच गोष्टी होत्या : अलार्म चालू आहे की नाही ते बघणं, आणि बंद असला तर चालू करणं.

“यात बंद करायचं नाय?”

“नाही. ते फक्त दुरुस्तीच्या वेळी, वेगळ्या माणसाकडे.”

“बरंय.”

“आता तुझा पासवर्ड टाक. तूच ठरव, मला सांगू नकोस.”

असं म्हणून भाऊ खुर्चीतून उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. या खोलीत आजवर पासवर्ड मोठ्यांदा ओरडून सांगितले जात, भिंतीवर लिहिले जात. भाऊ बाहेर पार्किंगकडे बघत राहिले. मागे कीबोर्डच्या कळा वाजत होत्या, थांबत होत्या, पुन्हा वाजत होत्या. पोरगी चांगला लांबलचक पासवर्ड ठेवत होती.

“झालं. बघा.”

पडद्यावर नोंद उमटली होती : वेळ, हर्षाली, अलार्म तपासला. तिनं ती ओळ बोट ठेवून वाचली.

“म्हणजे मी केलेलं माझ्या नावावर येणार.”

“हो.”

“आणि न केलेलं?”

“ते नाही येणार,” भाऊ म्हणाले.

हर्षालीनं ती ओळ आणखी एकदा वाचली. मग घड्याळ बघितलं, बारा वाजायला आले होते. उठून तिनं स्कार्फ घट्ट केला आणि ती आडगावला ड्युटीवर गेली.